गुळगुळीत रस्त्यावरचे हाल

सोलापूर-पुणे रस्ता चौपदरी झाला, त्याच्या पाटीवरचा ९ जाऊन तिथे ६५ आला आणि आमच्या जुन्या जीपची पंचाईत झाली. त्याआधी सगळं बरं चाललं होतं. समोरून ट्रक आला की साइडपट्टीवर उतरायचं, तो गेला की पुन्हा डांबरावर चढायचं, असा तो दुपदरी रस्ता. त्यावर एसटीतले, मोटारीतले, वडापमधले सगळे सारखेच हादरत. सार्वजनिक हालांत एक समाधान असतं. शिवाय साइडपट्टीवर उतरताना इतरांचे चेहरे पडत आणि आमचा फुलत असे, कारण जीप खाली उतरली काय आणि वर चढली काय, तिला फरकच कळत नसे.

आता शेजारून सरकणाऱ्या मोटारीत एखादं पोर मांडीवर डबा घेऊन सांडलवंड न करता वरणभात खाताना दिसतं. त्याच रस्त्यावर, त्याच क्षणी आम्ही सीटच्या वर असतो. दोष द्यायला खड्डासुद्धा नाही.

जीप कुठल्या कंपनीची हे विचारू नये. तिच्यात मूळ कंपनीचं आता फारसं उरलेलं नाही. फोर बाय फोर, चार गिअर, वर कापडी हूड आणि पुढेमागे चारही चाकांना लोखंडी पाटे, एवढं सांगितलं की जाणकार माणूस सहानुभूतीनं मान हलवतो. चांगल्या रस्त्यावर ही बया जास्त का उडते, हे आमच्या मिस्त्रीनं गाडीखाली झोपूनच समजावून सांगितलं.

"मालक, पाट्याची पानं एकमेकांवर घासून सरकली तर गाडी दबती. मोठा खड्डा आला की सरकतात. बारीक हादऱ्याला कशाला सरकतील? मग तो हादरा जातो कुठं? तुमच्या कमरेत. बघा की."

म्हणजे खड्डा जितका मोठा तितकी जीप सुखाची. महामार्गाच्या डांबरावर डोळ्यांना न दिसणारे जे बारीक चढउतार असतात, ते पाटा जसेच्या तसे वर पाठवतो. त्यात जीप आखूड. मूळच्या विलीज जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांत ८० इंचांचं, म्हणजे दोन मीटरहून थोडंच जास्त अंतर होतं. आमची थोडी लांब असली तरी वळण त्याच घराण्याचं. पुलाच्या सांध्यावरून पुढची चाकं उतरतात न उतरतात तोच मागची येऊन आदळतात आणि आतला माणूस दोन्ही वेळा होकारार्थी मान हलवतो. सोलापूर ते पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर आम्ही कशाला तरी हो म्हणत असतो.

माणसाच्या अंगाला किती हादरे सोसतात याचं आयएसओ २६३१ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. खालून वर येणारी, सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणारी कंपनं बसलेल्या माणसाला सर्वांत जास्त जाचतात, असं ते सांगतं. आमच्या जीपनं हे मानक वाचलेलं असावं.

तसं पाहिलं तर तिचा दोष नाही. १९४० साली अमेरिकी लष्करानं मोटार कंपन्यांकडे हलकं, चारही चाकांनी ओढणारं वाहन मागितलं, तेव्हा मागण्यांच्या यादीत कमरेला स्थान नव्हतं. त्याचे परिणाम सैनिकांनी भोगले. माकडहाडाशी होणाऱ्या एका चिवट गळवानं त्या युद्धात हजारो जवान इस्पितळात गेले आणि १९४४ साली एका अमेरिकी डॉक्टरनं त्याला चक्क 'जीप डिसीज' असं नाव देऊन वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. युद्ध संपल्यावर तीच जीप 'सिव्हिलियन' म्हणून शेतकऱ्यांना विकायला काढली. १९४७ पासून महिंद्रांनी ती आपल्याकडे जुळवायला घेतली आणि पुढची कित्येक वर्षं तहसीलदार, फौजदार, जंगलखातं आणि बागायतदार तिच्यात ताठ बसून फिरले. त्या ताठपणाला लोक रुबाब समजत. कणा जरा सैल सोडला तर काय होतं, ते फक्त बसणाऱ्याला ठाऊक.

सुखसोयी वाढवायचे प्रयत्न आम्ही केले. पहिल्यांदा कुशनवाल्याकडून दुप्पट जाडीचा फोम घालून घेतला. बूड सुखावलं, पण उंची वाढल्यानं डोकं हुडाच्या लोखंडी कमानीला लागू लागलं. म्हणजे हादरा तेवढाच, फक्त पावतीची जागा बदलली. शिवाय मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ वर गेला की फोम तापतो, खालून गिअरबॉक्सही तापतो आणि मधल्यामध्ये आपण. शेवटी तो फोम काढून सोलापुरी चादरीची चौपदरी घडी घातली. जाड सुती विणीची, घाम शोषणारी आणि भौगोलिक मानांकन मिळालेली बैठक पुण्यातल्या कुठल्या मोटारीत आहे? लांबच्या प्रवासानंतर चादरीची नक्षी अंगावर उमटते खरी, पण ती बाहेरून दिसत नाही.

मग मिस्त्रीनं प्रत्येक पाट्यातलं एक पान कमी केलं, उरलेल्यांत ग्रीस भरलं, टायरची हवा जराशी उतरवली. जीप मऊ झाली. इतकी मऊ, की मागे चार माणसं बसल्यावर तिची नजर आभाळाकडे लागली आणि रात्री तिचे दिवे रस्त्याऐवजी चिंचेच्या शेंड्यांवर पडू लागले. पानं परत घातली.

खायचं म्हणाल तर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. इतर लोकांना कडक भाकरी हातानं चुरावी लागते. आमची मोहोळ येईपर्यंत डब्यातच चुरून तयार असते.

वेगाचा प्रश्न नाही, कारण वेग नाही. ताशी साठाच्या पुढे काटा गेला की चौथा गिअर पाचवा मागू लागतो, आणि तो तर नाही. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्यांत ऊस कोंबून, मोठ्यानं गाणी लावून निघालेले ट्रॅक्टर भेटतात. या महामार्गावर आम्ही ओव्हरटेक करू शकतो असं ते एकमेव वाहन. त्या वेळी मी हॉर्न जरा जास्तच वाजवतो.

आवाजाबद्दल मात्र मला कृतज्ञतेनं बोललं पाहिजे. इंजिन, ट्रान्स्फर केस, खडबडीत टायर आणि फडफडणारं हूड यांच्या मेळात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. त्यामुळे आमच्या जीपमध्ये आजवर भांडण होऊ शकलेलं नाही. ही काहीतरी टोचून बोलते. मी ओरडतो, "काय?" ती पुन्हा म्हणते. मी पुन्हा, "काय?" तिसऱ्यांदा टोमणा मारण्यात काही दम राहत नाही. ती हातानंच 'जाऊ द्या' म्हणते. फक्त टोलनाका जपावा लागतो. सावळेश्वरच्या नाक्यावर इंजिन एकदम मंद झालं आणि हिचं "तुमच्या आत्याबाईंनी ते पाटल्यांचं काय केलं, हे एकदा कळलंच पाहिजे!" हे वाक्य तीन रांगांपर्यंत पोहोचलं. नाक्यावरचा पोरगा सुट्टे देताना माझ्याकडे उत्तराच्या अपेक्षेनं बघत होता.

मागे गौरीजेवणाला माझा मेहुणा पुण्याहून नवी गाडी घेऊन आला. गाडी इतकी गुळगुळीत की दारसुद्धा उसासा टाकून बंद होतं. तिच्या इंजिनात कदाचित सोलापूरचा कॅमशाफ्ट फिरत असेल, कारण आमच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले कॅमशाफ्ट जगभरच्या मोटारींत जातात. पण तिचं पोट जमिनीला जवळ. नान्नजच्या पुढे आमचं रान आहे. पाऊस होऊन गेलेला, काळी माती लोण्याच्या गोळ्यागत झालेली. गाडी डांबरी रस्त्याला लावून त्याला जीपमध्ये घेतलं, पुढच्या चाकांना जोर जोडला आणि सावकाश निघालो. खड्डे, नाली, बांध, सगळं ओळीनं आलं. मिस्त्रीचं शास्त्र कामाला लागलं. पानं सरकू लागली, जीप डुलत डुलत चालली. विहिरीपाशी पोहोचून बघतो तर मेहुणा घोरत होता.

"दाजी," तो डोळे चोळत म्हणाला, "काय कम्फर्ट आहे हो! उद्या पुण्याला मी हिच्यातच येतो. तुम्ही दोघं माझी गाडी आणा."

सासूबाईंना भेटायला आम्हालाही जायचंच होतं. मी त्याला काही बोललो नाही. चादर तेवढी नीट घडी करून दिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या गाडीत बसलो. काचा वर, एसी चालू, इंजिन चालू आहे की नाही हे बघायला काट्याकडे बघावं लागत होतं. बाळ्यापर्यंत आम्ही दोघं त्या शांततेचं कौतुक करत होतो. नंतर हिनं पाटल्यांचा विषय काढला. मी सवयीनं "काय?" म्हणालो, तर ती म्हणाली, "ऐकू आलंय तुम्हाला." मोहोळ यायच्या आत पाटल्यांवरून आत्याबाई, आत्याबाईंवरून लग्नातला मानपान आणि तिथून १९९८ सालची माझी एक उधारी इथवर आम्ही आलो. प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येत होता. मधल्या श्वासांसकट.

टेंभुर्णीला तिनं गाडी बाजूला घ्यायला लावली. चहा झाला, दुसरा चहा झाला, तेव्हा कुठे जीप आली. मेहुणा उतरला तो कमरेवर हात ठेवून, आणि समोर उभ्या असलेल्या बहिणीशी पलीकडच्या लेनला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलू लागला. तिनं त्याच्या हातात त्याच्या गाडीची किल्ली ठेवली, पदर खोचला आणि जीपमध्ये चढून चादरीवर बसली.

मी स्टार्टर मारला. इंजिन धडाडलं.

"हं," ती माझ्याकडे वळून ओरडली, "आता बोला काय बोलायचंय ते!"