अध्यात्म ३.४

अंधेरी पूर्वेच्या एका कचेरीत लेखा विभागाचं अध्यात्म या तिमाहीत ३.६ वरून ३.४ वर घसरलं आहे. एचआरने रंगीत तक्त्यासह तशी मेल पाठवली असून विभागप्रमुखांकडून शुक्रवारपर्यंत खुलासा मागवला आहे.

पद्धत रीतसर आहे. प्रश्नावलीतलं एकेक विधान वाचायचं आणि ‘अजिबात असहमत’ ते ‘पूर्ण सहमत’ या पाचांपैकी एका गोलावर टिचकी मारायची. ही पाच पायऱ्यांची पट्टी १९३२ साली अमेरिकेत निघाली ती लोकांची मतं मोजायला. २००० च्या सुमारास तिथल्याच व्यवस्थापनवाल्यांनी ती नोकरदारांच्या आत्म्याला लावली. आता ती मरोळ नाक्याला पोचली आहे.

माझा जीव त्या ०.२ मध्ये अडकलाय. गेलं कुठे ते? आत्मा अविनाशी असल्याचं आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग तीन महिन्यांत ही तूट आली कुठून? लेखा विभागाने खुलाशात एकच शब्द लिहिला: घसारा. तो नामंजूर झाला. विक्री विभाग मात्र ४.७ वर विराजमान आहे. महिनाअखेरीला ज्यांच्या तोंडून एक शब्द खरा निघत नाही, ते मोक्षापासून ०.३ वर! दोघांनी तर सगळीकडे पाच भरले होते, पण त्यांचे अर्ज बाद झाले. सरसकट पाच म्हणजे न वाचता भरलेले, असा नियम आहे. थोडक्यात, पूर्णत्वाला पोचलेला माणूस सरासरीत धरत नाहीत.

घसरण रोखायला आता रोज साडेनऊला दहा मिनिटं ध्यान ठेवलंय. हजेरी अंगठ्याने. नऊ एकतीसला लेटमार्क, तीन लेटमार्कांना अर्धी रजा. मनःशांतीला तीनदा उशीर झाला की अर्धा दिवस कापला.

आणि तक्त्यात सर्वांत खाली कोणतं विधान आलं, तर ‘मी इतरांशी एकरूप झाल्याचं अनुभवतो.’ अहो, हे बोरिवलीहून येणाऱ्याला विचारता? सकाळच्या लोकलमध्ये एका चौरस मीटरला चौदा ते सोळा उभी माणसं, असं या गर्दीचं मोजमाप कधीच झालेलं आहे. याहून एकरूप कसं व्हायचं? कांदिवलीला देहभान जातं, मालाडला आपपरभाव संपतो, गोरेगावला आपला हात कोणता आणि शेजाऱ्याचा कोणता हा प्रश्नच उरत नाही. कोपऱ्यात भजनी मंडळाचे टाळ चालू असतात, ते वेगळे. अंधेरीला आपण उतरत नाही, उतरवले जातो. कर्ता करविता निराळाच. घाटकोपरकराची साधना २०१४ पासून मेट्रोच्या जिन्यावरल्या रांगेत चालते. मुलुंडकराला आधी लोकल, मग मेट्रो, म्हणजे तो जन्माचा द्वैती. एवढी तपश्चर्या करून, शर्टाची दोन बटणं गमावून माणूस दारात पोचतो, तर अंगठ्याचं यंत्र म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा. तोवर नऊ बत्तीस. आता हा डोळे मिटून कोणाचं चिंतन करणार, सांगा!

ज्या खोलीत हे ध्यान चालतं, ती परवापर्यंत डबा खायची होती. टेबलं गेली, गाद्या आल्या. बायका आता जिन्यात बसून पोळी-भाजी खातात. गाद्या झटकणाऱ्या मावशी बारा तास उभ्या असतात, पण त्यांना प्रश्नावली दिलेली नाही. त्या ठेकेदाराच्या. ठेकेदाराच्या माणसांना आत्मा नसतो; असला तरी तो ठेकेदाराच्या पटावर.

मी ती प्रश्नावली दोनदा वाचली. तीत ‘माझा पगार महिनाअखेरपर्यंत पुरतो’ हे विधान नाही. ‘मुलं झोपायच्या आत मी घरी पोचतो’ हे नाही. ‘रजा मागताना मला घाम फुटत नाही’ हेही नाही. नसणारच. असलं काही विचारलं आणि ३.४ आलं, तर खुलासा वरच्यांना द्यावा लागेल, वर खिशातही हात घालावा लागेल. आत्मा विचारला की खर्च गाद्यांचा आणि दोष कारकुनाचा. एवढ्या स्वस्तात साहेबलोक सुटत असतील, तर दशांश कशाला मोजता? आमच्या नावावर सरळ शून्य लिहा आणि ती डब्याची टेबलं परत आणा.