पाच मिन्टात देतंय

मालवणात ताट येण्याआधी आमच्या घरची परिषद भरते. विषय एकच : टोचायचं कधी? पुतणी चिमी चौदा वर्षांची, टाइप वन डायबेटिसवाली. जेवणाचं इन्सुलिन साधारण दहा-पंधरा मिनिटं आधी घेतलं की ते आणि घास जोडीने कामाला लागतात. पुण्यात हे जमतं, कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. खानावळीत मोजायला फक्त माशा.

चिमीच्या इन्सुलिनचा थाट प्रवासभर बघण्यासारखा होता. उन्हात तापलेल्या गाडीत ते ठेवायचं नाही, म्हणून प्रत्येक किल्ल्यावर, प्रत्येक देवळात ते थंड पाउचमधून मिरवलं. आजोबा मात्र गाडीतच घामाघूम. मुक्कामाच्या घरच्या काकूंनी तर जास्तीची पेनं मोठ्या मायेने थेट फ्रीजरमध्ये, सुरमईच्या मांडीला मांडी लावून बसवली होती. गोठलं की इन्सुलिन संपलंच. चिमीने झडप घालून ती खालच्या कप्प्यात आणली. काकूंना वाटलं, पोरीला सुरमईचा वास आवडत नाही.

तर खानावळ. "किती वेळ लागेल?"

"बसा, पाच मिन्टात देतंय."

"घे टोचून," आक्का म्हणाली. "डॉक्टरांनी आधी घ्यायला सांगितलंय ना?"

"आत्या, डॉक्टर इथे जेवलेले नाहीत."

मग दादाला हेर म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशी नेमलं. पहिली खबर : बांगडा अजून साफ होतोय. दुसरी : तवा तापलाय. तिसरी, आनंदाने किंचाळून : "वडे फुगले!" चिमीने वड्यांचा हिशोब केला (मासळीला कर्बोदकं नाहीत, सोलकढीत नावापुरती, सगळा खेळ वड्यांचा) आणि पोटात सुई टोचली.

फुगलेले वडे आमच्या डोळ्यांदेखत शेजारच्या टेबलावर गेले. तिथली मंडळी आमच्या आधीपासून बसली होती. तक्रार कोणत्या तोंडाने करणार? चिमीच्या दंडावरच्या सेन्सरला असल्या न्यायाचं काही पडलेलं नव्हतं. मोबाइलवर साखर 92, बाण खाली. मग 68. सत्तरच्या खाली गेलं की पंधरा ग्रॅम साखर पोटात घालायची आणि पंधरा मिनिटांनी परत बघायचं.

"काका, कोकम सरबत! साखर भरपूर!"

"अगो बाय," आक्का किंचाळली, "डायबेटिसच्या पोरीला साखर? तुझे काका बघ, मेथ्या खाऊन गोळी बंद करायला निघालेत."

"त्यांचा इन्सुलिनचा कारखाना मंदीत आहे, आत्या. माझा बंदच पडलाय." घाम पुसत, हात थरथरत असतानाही हे बोलायची तिची ताकद. मालकांनी मात्र एक प्रश्न न विचारता सरबतात तीन चमचे ढकलले आणि पाठोपाठ, बहुधा घाबरून, आमची सगळी ताटं एकदम आणली.

पंधरा मिनिटांनी 104. मग जेवण असं रंगलं की सुरमईच्या काट्यांवरही भांडणं झाली. आक्काने स्वतः चिमीच्या ताटात आणखी एक वडा वाढला. चिमीने निमूटपणे त्याचंही इन्सुलिन घेतलं.

रात्री अकराला मोबाइल बोंबलला. 240.

"आता हे कसलं?" आक्का अंथरुणात उठून बसली. "जेवून तीन तास झाले!"

तळलेलं पचायला वेळ लागतो, साखर उशिरा चढते. पण एवढं कोण समजावणार?

"वडे," चिमी पेनाला नवी सुई लावत म्हणाली. "आत्ता पोचले."