पनवेलपर्यंतचे तास

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमान जाताना पंधरा-सोळा तास घेतं, येताना पश्चिमेचा वारा पाठीशी असल्याने त्याहून कमी. हिशेब चोख आहे, फक्त पुणेकराला तो लागू नाही. त्याचा प्रवास सुरू होतो कोथरूडहून, आणि खंडाळ्याच्या घाटात आडवा पडलेला कंटेनर कुठल्याच तक्त्यात नसतो. म्हणून मध्यरात्रीच्या विमानासाठी दुपारीच टॅक्सी दारात. (ड्रायव्हर तरी म्हणतो, ‘जरा उशीरच झालाय.’) पुढे विमानतळावर वजनकाटा तेवीसवरून चोवीसवर सरकतो, बॅग भर रांगेत उघडते आणि भाजणीची पिशवी काकूंच्या पर्समध्ये जाते. मेतकूट काकांच्या कोटाच्या खिशात.

तिकडे पोचल्यावर घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. काका तेवढे तास फुकटात मिळाल्यासारखे खूश.

“किती वेळ लागला काका?” न्यूजर्सीचा पुतण्या विचारतो.

“सोळा तास फक्त! विज्ञान कुठे गेलंय बघ.”

“आणि पनवेलपर्यंतचे सहा?” काकू विचारतात.