खड्ड्याचा सातबारा

पनवेलला घर घेतलं तेव्हा मागच्या दाराशी १२ बाय ८ फुटांची जमीनही पदरात पडली. माझ्यातला शेतकरी जागा व्हायला एवढी पुरली. टोमॅटो लावले. पहिल्या महिन्यात त्यांनी पानं टाकली, दुसऱ्या महिन्यात मान.

मग कुदळ मारली. वीतभर बिल्डरचंच पीक निघालं. विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं आणि डाव्या पायाची एक स्लीपर. त्याखाली लालसर मुरूम, कुठल्यातरी डोंगराचं पोट फाडून डंपरने आणलेला. आणि हातभर खाली काळपट, चिकट चिखल. शेजारच्या आजींनी तो चिमटीत घेऊन थेट जिभेला लावला.

"खारी हाय रं बाबा. हितं आमचा भात व्हायचा."

वरच्या मातीचीही परीक्षा घ्यावी म्हणून ती चाळून पाण्यासकट बरणीत घातली, खळखळून हलवली. वाळू मिनिटभरात तळाला बसली, पोयट्याने तासाभराहून जास्त घेतला, चिकणमाती मात्र दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ करत बसली होती. बरणी लोणच्याची होती. त्यावरून घरात झालेला गढूळपणा अजून खाली बसायचा आहे.

आजींचं निदान इथे नवं नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र पनवेललाच आहे, आणि तिथून निघालेल्या भाताच्या जातींची नावंच पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३. पावसाने मीठ धुऊन खाली गेलं की तेवढ्या दिवसांत भात उरकून घ्यायचा. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, मीठ वर चढतं आणि रान पांढरं दिसू लागतं. गावाच्या नावाने भात निघाला. टोमॅटो कोणी काढला नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं.

आजी म्हणाल्या, नारळ लाव. नारळाला खाराचं वावडं नसतं, खरं आहे. पण सावली माझ्याकडे आणि नारळ शेजाऱ्याच्या पत्र्यावर, असा व्यवहार दिसत होता. शेवटी वाफा उंच केला, शेणखत ओतलं आणि बीट, पालक पेरले. खाराला दोघेही टोमॅटोपेक्षा कमी कुरकुरतात. आजी येता-जाता पालकाचं पान तोडून चावतात, मान हलवतात आणि काहीच बोलत नाहीत.

स्लीपर धुऊन कुंपणाला टांगली आहे. उजवी पुढच्या खड्ड्यात सापडेल.