मॅडम, आपली भेट झाली नाही

आमच्या भागात गाण्याच्या कार्यक्रमाला जायचं तर आधी बारावीचं वेळापत्रक बघावं लागतं. लातूर हे अभ्यासाच्या पॅटर्नचं गाव आणि नांदेड हे त्या पॅटर्नला मागं टाकायला निघालेलं गाव. दोन्हीकडं घरटी एक लेकरू ‘नीट’च्या परीक्षेला बसलेलं. स्वतःचं नसलं तर भावाचं, नाहीतर वरच्या खोलीत भाड्यानं राहणारं. अशा घरात संध्याकाळी सातनंतर कुकरसुद्धा शिट्टी द्यायला बिचकतो. औराद शहाजानीला मास्टर दीनानाथ मंगेशकरांचं नाव आहे, तेही महाविद्यालयाला. गवयाच्या नावानंही आम्ही कॉलेजच काढतो!

त्यात कार्यक्रमांच्या तारखा बघा. शंकरराव चव्हाण गेले २६ फेब्रुवारी २००४ ला. त्यांच्या स्मृतीत नांदेडला यशवंत महाविद्यालयाच्या मैदानावर ‘संगीत शंकर दरबार’ भरतो तो त्याच सुमारास, आणि बोर्डाची परीक्षाही त्याच सुमारास. सकाळी गावात पेपर, रात्री मैदानावर मारवा. आपल्याच गावात गाणं ऐकताना कुणी पाहिलं तर दुसऱ्या दिवशी दुधवाला विचारतो, “काय सर, पोराचा केमिस्ट्रीचा पेपर ना आज?” यावर लोकांनी तोडगा काढलाय. लातूरचे रसिक नांदेडला येऊन ऐकतात, नांदेडचे लातूरच्या दयानंद सभागृहात जाऊन बसतात. मध्ये लोहा, अहमदपूर, चाकूर. एवढ्या अंतरावर माणूस निर्धास्तपणे मान डोलवू शकतो.

आमच्या घरी तर मामला आणखी नाजूक. आमच्या सौभाग्यवती खासगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. माहेर लातूरचं, म्हणजे पॅटर्न जन्मापासून अंगात. दिवसभर पोरांना “मोबाईल बंद, टीव्ही बंद, लग्नकार्य बंद” असं बजावून घरी येतात आणि चप्पल काढायच्या आत विचारतात, “अहो, दाजींचा फोन आला होता का? पास मिळाले का?”

इथं दाजी म्हणजे मीच. लातूरचा मेहुणा मला दाजी म्हणतो, म्हणून त्याच्या फोनला घरात ‘दाजींचा फोन’ म्हणायची पद्धत पडलीय. तिकडून तो ओरडतो, “दाजी, येऊलालाव का? दोन पास धरून ठेवलेत!” पास ही आमच्याकडची फार मोठी गोष्ट. तिकीट काढून गाणं ऐकणाऱ्याकडं लोक कीव आल्यासारखं बघतात. याची कुठं ओळख नाही का, असं त्यांना वाटतं. तिकीट शंभराचं असलं तरी पाससाठी दोनशेचं पेट्रोल जाळून हिंडण्यात प्रतिष्ठा आहे.

कार्यक्रम सहाचा असतो. म्हणजे पत्रिकेवर. सहाला मंडपवाला सोफ्यांवर पांढऱ्या चादरी घालत असतो. साडेसहाला साउंडवाला “हॅलो, माइक टेस्टिंग” करतो, आणि रात्रीतलं सगळ्यात स्वच्छ ऐकू येणारं वाक्य तेच. साडेसातला निवेदक सांगतो की प्रमुख पाहुणे निघालेले आहेत. आमच्याकडं पाहुणे निघाले म्हणजे अंघोळीला निघाले असं समजायचं.

मग दीपप्रज्वलन. समई आहे, वात आहे, तेल आहे, काडेपेटी नाही. स्टेजवर एकूण अकरा मान्यवर, त्यातल्या एकाकडंही काडेपेटी नसते. म्हणजे खिशात असते, पण चारचौघांत काढता येत नाही. शेवटी तबलजीचा लायटर कामी येतो. नंतर सत्कार. शाल प्लास्टिकच्या पिशवीतून काढताना जो चर्रर्र आवाज होतो, तो माइकजवळ झाला की मागचं पोरगं रडायला लागतं. पहिल्या चार शाली पिशवीतून काढतात, पुढच्या पिशवीसकट खांद्यावर टाकतात, आणि शेवटच्या दोन सत्कारांना पहिल्याच दोन शाली परत फिरून आलेल्या असतात. मी डोळ्यांनी बघितलंय. एकीच्या कोपऱ्यावर हळदीचा डाग होता.

सत्कार उरकला की मान्यवरांना ‘पुढच्या कार्यक्रमाला’ जायचं असतं. हा पुढचा कार्यक्रम कुठं असतो, हे गूढ मला उकललेलं नाही, कारण त्या रात्री गावात दुसरा कार्यक्रम नसतो. ते उठतात, त्यांच्यासोबत चाळीस माणसं उठतात, आणि पुढच्या तीन रांगांतले सोफे रिकामे होतात. आता तुम्ही म्हणाल, मागच्यांनी पुढं येऊन बसावं. तसं नाही. छातीवर बिल्ला लावलेला एक तरुण कार्यकर्ता त्या रिकाम्या सोफ्यांची राखण करत उभा असतो. मुंबई-पुण्याहून आलेला गवय्या डोळे मिटून आलाप घेतो, डोळे उघडतो, आणि समोर तीस पांढरे सोफे! त्यांच्या मागं आम्ही, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. मग हळूहळू आमची हालचाल सुरू होते. उठायचं नाही, खुर्ची बुडाशी दोन्ही हातांनी धरायची आणि वाकूनच चार पावलं पुढं सरकायचं. सम आली की थांबायचं. द्रुत लयीपर्यंत सगळा जमाव सोफ्यांना भिडलेला असतो आणि कार्यकर्ता स्वतः एका सोफ्यावर झोपलेला असतो.

मान्यवर उठून जाईस्तोवरच साडेनऊ वाजलेले असतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणासुदीला सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, तीही वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, आणि ते दिवस बाकीच्या उत्सवांनी आधीच पळवलेले असतात. म्हणजे गवयाच्या वाट्याला अर्धा तास. एकदा पावणेदहाला एक हवालदार स्टेजच्या कोपऱ्यात येऊन मनगटावर बोटं आपटायला लागला. तबलजीला वाटलं, रसिक माणूस मात्रा मोजतोय. त्यानं खूश होऊन हवालदाराकडं बघत एक लांबलचक तिहाई घेतली. हवालदारानं जोरात बोटं आपटली, तबलजीनं आणखी मोठी तिहाई घेतली. मंडपानं टाळ्यांचा कडकडाट केला. दहा वाजून पाच मिनिटांनी हवालदारही हसत होता, पण वायर त्यानंच काढली.

कराओकेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात गाणारे लोक माझे डॉक्टर आहेत. ३१ जुलैला रफीसाहेबांची पुण्यतिथी, ४ ऑगस्टला किशोरदांची जयंती. या पाच दिवसांत दोन्ही शहरांतली ओपीडी लवकर आटोपते. ज्यांच्याकडं पुढच्या मंगळवारी आपली अँजिओग्राफी आहे, ते स्टेजवर चंदेरी कोट घालून उभे असतात. अशा वेळी टाळी वाजवताना हात आखडता घेऊन चालत नाही. सूर वर चढत असताना ते रुमालानं घाम पुसतात, आणि मला त्यांच्या नाडीची काळजी वाटायला लागते. वन्स मोअर द्यायला मी पहिला असतो. तपासणी फी मात्र कमी झालेली नाही.

या सगळ्याला कंटाळलेल्या माणसानं नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात जाऊन बसावं. सत्कार नाही, निवेदक नाही, सोफा तर नाहीच, सगळे सतरंजीवर. गुरू ग्रंथसाहिबातली वाणी रागांनुसार लावलेली आहे, ३१ राग. त्यामुळं पेटी-तबल्यावर शबद सुरू झाला की आमच्या ऐकून-ऐकून शिकलेल्या कानालाही काहीतरी ओळखीचं लागतं. २००८ साली गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला अख्खं जग नांदेडात लोटलं होतं. त्या गर्दीतही कुणी “पास आहे का?” विचारत नव्हतं. उठल्यावर लंगर. गाणं फुकट, जेवण फुकट, आणि कुणाला शाल द्यावी लागत नाही. आमचा मेहुणा पहिल्यांदा आला तेव्हा अस्वस्थ झाला. “दाजी, आयोजक कोण आहेत?” असं दोनदा विचारलं त्यानं.

दाद द्यायला मात्र आमच्या लोकांना कुणी शिकवू नये. इथं निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत होतं. राज्य गेलं, पण ‘मुकर्रर’ आणि ‘क्या बात है’ इथंच राहिले. कंधारला हाजी सय्याह दर्ग्याच्या उरुसात कव्वाली ऐकायला बसलो की शेजारचा फेट्यातला शेतकरी, ज्याचा उर्दूशी संबंध जमिनीच्या जुन्या कागदापुरता, तो नेमक्या मिसऱ्यावर हात उचलून “व्वा” म्हणतो. अर्थ विचारला तर म्हणतो, “अर्थ उद्या बघू. आता ऐकू द्या.” एप्रिलमध्ये भीमजयंतीच्या रात्री तर याहून वरच्या. वामनदादा कर्डकांची, प्रल्हाद शिंद्यांची परंपरा सांगणारे गायक वस्तीवस्तीत येतात. समोर बसलेल्या आजीला प्रत्येक अंतरा पाठ असतो. गायकाची ओळ चुकली की आजी खालून दुरुस्त करते, गायक हात जोडतो आणि पुन्हा म्हणतो. या कार्यक्रमांत पहिल्या रांगेत कोण बसलंय याकडं कुणाचंही लक्ष नसतं.

खरं तर चांगलं गाणं ऐकायचं असेल तर घरी हेडफोन आहे. त्यात सत्कार नाही, हवालदार नाही. पण हेडफोन लावून ओरडता येत नाही. आणि आमच्या गावांतली माणसं जूनपासून मेपर्यंत पोरांच्या अभ्यासापायी कुजबुजत जगतात. त्यांना वर्षातून काही रात्री मोकळा गळा लागतो. गायकाचा नव्हे, स्वतःचा.

त्यासाठी माळेगाव. नांदेड-लातूर रस्त्यावरच, लोह्याच्या पुढं, खंडोबाचं ठाणं. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं, बैल, घोंगड्या, कुस्त्यांची दंगल, आणि रात्री तमाशाचे फड. वाघ्या-मुरळी तर रात्रभर जागतातच. जिल्हा परिषदेचा लोककला महोत्सव असतो, त्यात लावणी असते. मी बरेच दिवस एकटाच जायचो. यंदा सौभाग्यवती म्हणाल्या, “मी येणार.”

“अगं, सराव परीक्षेचे पेपर तपासायचे आहेत ना?”

“ते गाडीत तपासते.”

तपासलेही. वाकडे-तिकडे टिकमार्क पाहून पोरांना वाटलं असेल, मॅडम रागात होत्या. रस्ता खराब होता, एवढंच.

डिसेंबरची थंडी, भंडाऱ्यानं पिवळी झालेली माती, घोड्यांचा आणि भज्यांच्या तेलाचा वास एकत्र. मंडपात बसलो. ढोलकीवाल्यानं शाईवर बोटं फिरवून दोन थापा टाकल्या. पुढं जे झालं ते मी संसारात कधी पाहिलं नव्हतं. आमच्या बाईंनी दोन बोटं दुमडून जिभेखाली घातली आणि अशी शिट्टी ठोकली की स्टेजवरच्या बाईंनी वळून मुजरा केला.

“हे कुठं शिकलीस?”

“अकरावीत. लातूरला.”

पॅटर्नमध्ये एवढं सगळं शिकवतात, हे मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरचा माणूस हळूच पुढं झुकला. चाकूरकडचा शेतकरी, गळ्यात मफलर. “मॅडम... तुम्ही इथं?”

बाईंच्याच क्लासमधल्या एका पोराचे वडील. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. दुसरी लावणी सुरू होती. पण आमच्याकडं पालक आणि शिक्षक समोरासमोर आले की त्यांना लावणीही थांबवू शकत नाही.

“पोराचं कसं काय, मॅडम?”

“फिजिक्सला कच्चा आहे. इंटिग्रेशनमध्ये चुका करतो.”

“साडेपाचशे पडतील का?”

“अभ्यासाला शांतता पाहिजे घरात.”

“मी टीव्ही विकून टाकला, मॅडम.”

ढोलकी चढली. दोघंही एकदम गप्प झाले, आणि कवनाच्या शेवटी दोघांनी एकाच वेळी शिट्टी वाजवली. तिची चांगली होती. मग तो उठताना अगदी जवळ येऊन म्हणाला, “मॅडम, आपली भेट झाली नाही. घरी बैल बघायला जातो म्हणून सांगितलंय.”

“आमचीही नाही झाली,” बाई म्हणाल्या.

त्या माणसाकडं बैल नव्हतेच. तीन वर्षांपूर्वी विकून ट्रॅक्टर घेतलेला. पण यात्रेतून रिकाम्या हातानं गेलं तर बायको विचारणार, म्हणून त्यानं पुरावा म्हणून बैलांची पितळी घुंगरमाळ घेतली. बैल पसंत पडले नाहीत, माळ तेवढी पडली, असं घरी सांगितलं. आता एवढी महागाची माळ नुसती खुंटीला कशी ठेवायची? त्यानं ती ट्रॅक्टरला बांधली.

जानेवारीत क्लासमध्ये ते पोरगं बाईंकडं तक्रार घेऊन आलं. “मॅडम, पहाटे पाचला बाबा ट्रॅक्टर काढतात आणि सगळ्या गल्लीत छुमछुम होतं. अभ्यासच होत नाही. तुम्ही बाबांना सांगता का?”

बाई म्हणाल्या, “मी तुझ्या बाबांना ओळखत नाही.”