मास्तरांचं सूत जुळलं!

ऐकलंत का? इंग्लंडातल्या मास्तरांचं मेंदूशी सूत जुळलंय म्हणे! आणि चोरून नाही हो, राजरोस, शनिवारी, पदरचे पैसे मोडून. २०१३ साली टॉम बेनेट या शिक्षकानं लंडनमध्ये ‘रिसर्चएड’ भरवलं. तेव्हापासून चांगल्या घरची माणसं सुट्टीच्या दिवशी ‘वर्किंग मेमरी’वरची, म्हणजे हातातलं काम करताना क्षणभर धरून ठेवण्याच्या स्मृतीवरची, व्याख्यानं ऐकायला जातात. घरचे काय म्हणत असतील?

यांची आधीची प्रकरणं काय कमी होती! ‘ब्रेन जिम’ आठवतंय? गळपट्टीच्या हाडाखाली बोटांनी चोळलं की मेंदू जागा होतो म्हणे. आख्खा वर्ग छाती चोळत बसायचा. मग कुणी डोळ्यांनी शिकतो, कुणी कानांनी, हे खूळ. २००८मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि मंडळींनी पुरावे तपासले, तर हाती धुपाटणं.

आताचं स्थळ मात्र घरंदाज. जॉन स्वेलरचा ‘कॉग्निटिव्ह लोड’ सिद्धांत, म्हणजे डोकं एका वेळी किती बोजा पेलतं याचा हिशेब, तसा १९८८चा. पण २०१७मध्ये शिक्षणतज्ज्ञ डिलन विल्यम ट्विटरवर बोलून गेले, की शिक्षकाला माहीत हवी अशी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. झालं! २०१९ला शाळा तपासणाऱ्या ‘ऑफस्टेड’नंही शिकणं म्हणजे दीर्घकालीन स्मृतीतला बदल, असं लिहून अक्षता टाकल्या.

आठवून पाहिलं की स्मृतीत पक्कं बसतं, म्हणून आता वर्गात पाऊल टाकलं की आधी परीक्षा. एक प्रश्न कालचा, एक गेल्या आठवड्याचा, एक गेल्या महिन्याचा. पोरं मार्करनं खरडतात, बाई ‘तीन, दोन, एक’ म्हणतात, की सगळ्या पांढऱ्या पाट्या वर! हो, पाट्याच. परत आल्या.

पंचाईत अशी, की यात तथ्य आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे; आठवड्यानं विचारलं तर त्यांना ४२ टक्के आठवलं आणि मधे एकदा आठवून लिहिणाऱ्यांना ५६. नावं ठेवायची तरी कुठं?

आहे, जागा आहे! ‘ड्युअल कोडिंग’, म्हणजे शब्दाला चित्राची जोड, म्हणून स्लाइडवर शब्दागणिक चित्र डकवतात. ज्वालामुखीचा छेद दाखवा, कोण नको म्हणतंय? पण ‘विचार करा’शेजारी दिवा कशाला? नको तिथली भर डोक्यावरचा बोजा वाढवते, हे स्वेलरच्याच गोतावळ्यानं दाखवून ठेवलंय. २०२१मध्ये ‘एज्युकेशन एंडाउमेंट फाउंडेशन’नंही बजावलं, की प्रत्यक्ष वर्गातला पुरावा अजून तोकडाच आहे. तो अहवाल लावायचा कुठं? भिंतीवर रोझेनशाइनच्या अध्यापनाच्या दहा तत्त्वांचं पोस्टर आहे ना!