चार्जरसकट किती?

नानांना लॅपटॉप घ्यायचाय. किंवा टॅब. आमच्या सोसायटीत ही बातमी इतकी जुनी आहे की लिफ्ट तिच्यानंतर बसली.

नाना राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले, डोंबिवली पूर्वेचे, सोसायटीचे तहहयात खजिनदार. कर्जाच्या अर्जात खोट काढण्यात हयात गेली, त्यामुळे दुकानातला सेल्समन बोलायला लागला की नाना चष्म्यावरून असे बघतात, जणू पुढ्यात बसलेला तारणाशिवाय कर्ज मागतोय. बॅटरी अठरा तास चालते असं तो म्हणाला, की नाना विचारतात, "कोणी बसून बघितलं?"

त्यांच्या गरजा तशा चारच. सकाळी ई-पेपर, दुपारी सोसायटीचा हिशेब, संध्याकाळी यूट्यूबवर जुनी नाटकं, रात्री कॅनडातल्या लेकीशी व्हिडिओ कॉल. यातल्या तीन कामांना टॅब उत्तम आणि एकट्या हिशेबाला लॅपटॉप. दुसरा कुणी असता तर तीन विरुद्ध एक म्हणून मोकळा झाला असता. नाना मतं मोजत नाहीत, ताळेबंद जुळवतात. त्यासाठी त्यांच्याकडे खाकी कव्हर घातलेली दोनशे पानी वही आहे. डाव्या पानावर लॅपटॉप, उजव्या पानावर टॅब, आणि दोन्ही बाजूंच्या बेरजा आजवर एकदाही चुकलेल्या नाहीत.

वहीतली पहिली नोंद २००७ची आहे. त्या वर्षी आसूसचा ईईई पीसी आला, सात इंचांचा, किलोभराच्या आतला. नाना म्हणाले, "बाळसं धरू दे." २००८च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्सने व्यासपीठावर कागदी पाकिटातून मॅकबुक एअर काढून दाखवला. नाना म्हणाले, "पाकिटातून लग्नपत्रिकाही येते. म्हणून आपण लग्न करतो का?" २०१० साली आयपॅड आला तेव्हा प्रकरण गंभीर झालं, कारण तोवर एकच पान होतं, त्याची दोन झाली. २०११च्या ऑक्टोबरात सरकारने 'आकाश' हा स्वस्त टॅब दिल्लीत वाजतगाजत आणला. तेव्हा मात्र नाना खरोखर हलले. सरकारी आणि स्वस्त, या दोन शब्दांपुढे राष्ट्रीयीकृत माणूस हतबल होतो. 'आकाश'ची त्यांनी बरीच वाट पाहिली. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने सरफेस काढला, पाठीला टेकू आणि झाकणातच कीबोर्ड. "बघ, दोन्ही एक व्हायला लागलेत," नाना मला म्हणाले. "पूर्ण एक झाले की घेऊ."

अजून झालेले नाहीत.

आता एक कबूल करायला हवं. नानांच्या चिकित्सेत तथ्य असतं, आणि त्याचाच जास्त राग येतो. लेकीकडे जाताना बॅगा तोलायला घेतलेला हुकाचा डिजिटल काटा ते खरेदीला सोबत ठेवतात. एकदा मी त्यांच्याबरोबर लॅमिंग्टन रोडला गेलो होतो. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असतं, पण त्या नावाने विचारलं तर टॅक्सीवालाही क्षणभर थांबतो.) दुकान ओळखीचं होतं. पोरगा उत्साहाने म्हणाला, "काका, आयपॅड प्रो घ्या, लॅपटॉपपेक्षा एकदम हलका." नानांनी खिशातून कापडी पिशवी काढली. आधी रिकामी पिशवी हुकाला लावून काटा शून्यावर आणला. मग १२.९ इंची आयपॅड त्याच्या कीबोर्डसकट आत ठेवला आणि पिशवी गिऱ्हाइकांच्या डोक्यांवर उचलली. एक किलो तीनशेच्या पुढे. मग शेजारचा मॅकबुक एअर. एक किलो दोनशे चाळीस. पोराने काट्याकडे बघितलं, मग मालकाकडे. मालक सवयीने म्हणाला, "कीबोर्ड वेगळा घ्यावा लागतो, काका." "मग वजन वेगळं कसं धरता?" नानांनी विचारलं, आणि दोन्हीकडे बोट दाखवून शेवटचा प्रश्न टाकला, "चार्जरसकट किती?"

माझंही मत नानांकडेच झुकतं. टॅब घ्यायचा, मग त्याला कीबोर्ड, मग स्टँड, मग पेन, मग छोटा माउस. हा सगळा हप्त्याहप्त्याने घेतलेला लॅपटॉपच असतो, फक्त मांडीवर नीट बसत नाही.

शिवाय नानांचं घोडं अडतं ते मॅक्रोपाशी. सोसायटीच्या एक्सेल फाइलमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या एका हुशार पोराने जाण्यापूर्वी एक मॅक्रो लिहून ठेवलाय. बटण दाबलं की थकबाकीवरचं २१ टक्के सरळव्याज प्रत्येकाच्या बिलात जाऊन बसतं. टॅबवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाहीत. म्हणजे टॅब घेतला तर थकबाकीदार सुटले. हे कळल्यावर सोसायटीतल्या काही सभासदांनी टॅबचा फारच हिरीरीने प्रचार केला, तो नानांनी नावानिशी वहीत टिपून ठेवलाय.

बरं, लॅपटॉप म्हणावा तर हलक्या लॅपटॉपात रॅम बहुधा बोर्डावरच डकवलेली येते, पुढे वाढवता येत नाही. "म्हणजे पुढच्या सात वर्षांत मला काय लागेल ते आजच ठरवायचं?" नाना विचारतात. ज्या माणसाला सात मिनिटांनी चहा लागेल की कॉफी हे सांगता येत नाही, त्याने हे विचारावं!

काचेवर टाइप करायला जमेना म्हणून मी त्यांना माझ्या टॅबवर बोलून लिहायला शिकवलं. नानांनी घसा खाकरला आणि वार्षिक सभेची नोटीस सांगितली. 'थकबाकीदार सभासदांनी' असं ते स्पष्ट बोलले. पडद्यावर उमटलं, 'थकली बायको दार सभासदांनी'. माई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी वाकून वाचलं आणि म्हणाल्या, "राहू दे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरं लिहिलंय."

गंमत म्हणजे दुसऱ्याला सल्ला देताना नाना तीन मिनिटं घेतात. "दिवसाला एक पान तरी लिहितेस का? मग लॅपटॉप, रॅम सोळा, आठच्या मोहात पडू नकोस." तिसऱ्या मजल्यावरची इंजिनियरिंगची मुलगी खूश आहे. "नुसतं वाचायचं-बघायचंय ना? मग टॅब, आणि अक्षरं मोठी करून घ्या." पहिल्या मजल्यावरच्या आजी दिवसभर कीर्तनं बघतात आणि नानांना दुवा देतात. निम्म्या इमारतीची खरेदी नानांनी मार्गी लावली. २०२० साली शाळा घरात आल्या तेव्हा तर त्यांच्या दाराशी रांग होती, अर्थातच सहा फुटांचं अंतर राखून. त्यांच्या स्वतःच्या टेबलावर मात्र अजून विंडोज ७चा डेस्कटॉप घरघरतोय. मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार त्याच वर्षीच्या जानेवारीत काढून घेतला. नानांनी त्याच्यावर टॉवेल घातला.

मग गेल्या गणपतीच्या आधी माईंना भिशी लागली. त्या स्टेशनजवळ फुलपुडी आणायला गेल्या आणि येताना टॅब घेऊन आल्या. "कोणता घेतलास? प्रोसेसर कुठला?" नानांचा आवाज चिरकला. "निळा," माई म्हणाल्या. "कव्हर छान होतं." दुसऱ्या दिवसापासून तो टॅब ओट्यावर, डाळीच्या डब्याला टेकून, मालिका दाखवू लागला.

नाना त्याला हिशेबात धरत नाहीत. तो माईंचा. वहीत त्याची नोंद नाही. पण डेस्कटॉपवर हल्ली बऱ्याच साइट उघडत नाहीत, त्यामुळे लॅपटॉप आणि टॅब यांच्या तुलनेचे व्हिडिओ बघायचे तर नानांना ओट्यापाशीच जावं लागतं. आधी ते गुपचूप बघायचे. मग मालिकेच्या ऐन वेळी चार्जिंग संपलेलं सापडलं आणि माईंनी पिन बदलून टाकला. आता टॅब फक्त माईंच्या अंगठ्याने उघडतो.

परवा सकाळी मी बिलांवर सही घ्यायला गेलो, तर नाना वही उघडून स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. नवा कुठलातरी लॅपटॉप आला होता, म्हणे किलोच्याही आत.

"अगं, जरा अंगठा लाव ना."

"कणीक मळतेय," माई म्हणाल्या. "पिठाचा अंगठा त्याला ओळखू येत नाही. पोळ्या होईपर्यंत थांबा."

नाना म्हणाले, "थांबतो की. मला कुठे घाई आहे?"